अठराचं बटण

मंगळवारी दुकान लवकर बंद करते.
पांढऱ्या पुलावरून रिओनी ओलांडून
वाचनालयाच्या तळघरात जाते,
तिथे ओतिआ मास्तर शेगडीत लाकूड सारत
विश्वाचं माप घ्यायला शिकवतात.
आम्ही तिघंच: मिनीबस चालवणारा मुर्तझ,
नववीतली तामुना,
आणि बोटातलं अंगुस्तान काढायला विसरलेली मी.
वय छप्पन्न. गणित बेताचं येतं,
पण बेतायला येतं.

पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं त्यांनी:
वस्तुमान अवकाशाला वाकवतं.
वाकवतं म्हणजे? मुर्तझनं विचारलं. कशात वाकवतं?
मास्तर खडूकडे बघत राहिले.
(मोटारींच्या कारखान्यात तीस वर्षं
शिकाऊ पोरांना त्रिकोण शिकवले त्यांनी.
कारखाना गेला, त्रिकोण उरले.)

पुढच्या मंगळवारी मी टोपीचा लाकडी साचा नेला.
खडूनं त्यावर रेघ ओढली, माथ्यापासून कडेपर्यंत,
कडेनं पाव फेरी,
आणि परत माथ्याला.
तामुनानं कोपऱ्यांना गुण्या लावला. पुन्हा लावला.
तिन्ही काटकोन, ती म्हणाली,
साच्यानं तिला फसवल्यासारखी.

मी म्हटलं, हे पहिला झगा शिवला तेव्हापासून ठाऊक आहे.
सपाट कापड खांद्यावर बसत नाही,
कुठेतरी चिमटीत धरून दुमडावंच लागतं.
खांद्यावरच्या मुंगीला खांदा दिसत नाही,
पण तिच्याजवळ टेप असेल तर तिला कळेल.
बाहेर जाऊन बघायला नको.
कशातच वाकत नाही, मुर्तझ. माप वाकतं.

मास्तर काही बोलले नाहीत.
शेगडीजवळची आपली खुर्ची त्यांनी मला दिली.

मग वर्गमूळ आलं.
एकातून एक अपूर्णांक वजा, वर छप्पर. एवढंच.
मी बेतायच्या खाकी कागदावर केलं ते,
बाहीच्या आकृतीशेजारी:
विवराच्या काठाची त्रिज्या एक धर,
तू एक-पूर्णांक-एक-तृतीयांशावर थांब.
एकातून पाऊण गेलं, उरला पाव,
पावाचं मूळ अर्धा.
तिथे तुझं घड्याळ अर्ध्या चालीनं.
अजून खाली ये, अजून.
काठावर एकातून एक.
छप्पर आहे, खाली कोणी नाही.

मोठ्या विवरात पडणाऱ्याला काही जाणवत नाही, मास्तर म्हणाले,
काठावर उंबरठा नाही, पाटी नाही.
लांबून बघणाऱ्यालाच दिसतं
निरोपांमधलं अंतर वाढताना,
उजेड तांबूस होत विझताना.

मी वहीतून मान वर केली नाही.
माझी मझेविनार इटलीत आहे, बारीला. आठ वर्षं झाली.
कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईला अंघोळ घालते.
आधी रोज फोन, मग रविवारी,
मग सणाला.

त्या रात्री दोन्ही गावांची उंची शोधली,
तिच्या घड्याळात आणि माझ्यात फरक काढला.
दशांशचिन्हापुढं तेरा शून्यं,
मग कुठं एक.
म्हणजे काळाला दोष देता येणार नाही.

शेवटच्या तासाला पृथ्वीची पाळी.
ही सगळी, मास्तर म्हणाले, डोंगर, रिओनी, बारीचा समुद्र,
किती दाबली तर विवर होईल?
फुटबॉलच्या मैदानाएवढी, मुर्तझ म्हणाला.
तामुनानं आकडे घातले, खोडले, पुन्हा घातले:
त्रिज्या नऊ मिलिमीटर.

मी एप्रनच्या खिशात हात घातला.
अठराचं बटण, ओव्हरकोटाचं, चार भोकांचं.
ते हातोहात फिरलं.
मुर्तझनं ते जरा जास्तच वेळ धरलं,
मग दोन्ही हातांनी परत दिलं.

घरी येऊन मझेविनारच्या कोटाला लावलं,
दुहेरी दोऱ्यानं, मागे छोटं टेकू-बटण देऊन,
म्हणजे कापड फाटत नाही.

वजन किती असेल, पोस्टातल्या बाईनं विचारलं.
तुम्हीच बघा, मी म्हटलं,
आणि पार्सल काट्यावर ठेवलं.